सॉनिक स्क्रूड्रायव्हर

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील नायकाचे हत्यारवजा अवजार. बीबीसीने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. काळ-अवकाशात भटकणारा डॉक्टर बंदूक बाळगत नाही. त्याच्या खिशात असतो तो ध्वनिलहरींवर चालणारा पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर. टार्डिस हे त्याचे यान बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखे (पोलिसांना फोन करण्यासाठी रस्त्यावर असलेल्या खोक्यासारखे) दिसते आणि आतून अफाट मोठे असते. या यानानंतर मालिकेची सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे हा स्क्रूड्रायव्हरच.

ते पहिल्यांदा दिसले १९६८ मधील 'फ्युरी फ्रॉम द डीप' या कथेत. मृत्यूच्या दारात पोहोचलेला डॉक्टर नवे रूप घेतो आणि नट बदलतो; पॅट्रिक ट्रॉटनने साकारलेला दुसरा डॉक्टर या अवजाराने समुद्रकिनाऱ्यावरच्या गॅसवाहिनीची पेटी उघडतो. म्हणजे सुरुवातीला काम नावाप्रमाणेच होते, स्क्रू काढण्याचे. जॉन पर्टवीच्या कारकिर्दीत, विशेषतः 'द सी डेव्हिल्स' (१९७२) मध्ये, त्याच अवजाराने जमिनीत पुरलेले सुरुंगही उडू लागले. पुढे टॉम बेकरच्या काळात कुलूप दिसले की स्क्रूड्रायव्हर बाहेर, हा जणू शिरस्ता झाला. नायकाला कोंडायचे कसे, हा लेखकांपुढचा पेच त्यातूनच उभा राहिला.

निर्माता जॉन नेथन-टर्नर याला ही पळवाट मान्य नव्हती. फेब्रुवारी १९८२ मधील 'द व्हिजिटेशन' ही कथा १६६६ च्या इंग्लंडमध्ये घडते. तिच्यात टेरिलेप्टिल नावाचा परग्रहवासी कैदेतल्या डॉक्टरचा स्क्रूड्रायव्हर गोळी झाडून नष्ट करतो. पीटर डेव्हिसनच्या डॉक्टरला जुना मित्र गेल्याचे दुःख होते, पण लगेच नवा काही बनवत नाही. १९८९ मध्ये मालिका बंद पडेपर्यंत स्क्रूड्रायव्हर परतलाच नाही. सहाव्या डॉक्टरने १९८५ मध्ये एकदा 'सॉनिक लान्स' वापरला, तेवढेच. १९९६ च्या दूरचित्रवाणी चित्रपटात मात्र मूळ अवजार पुन्हा दिसले.

२००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली आणि ते कायमचे परतले. आता बहुतेक कथा एकाच, सुमारे ४५ मिनिटांच्या भागात आटोपायच्या होत्या, त्यामुळे बंद दारापाशी वेळ घालवणे परवडणारे नव्हते. त्याच्या शक्ती भराभर वाढल्या. यंत्रे दुरुस्त करणे, प्राण्यांची तपासणी, फोनमध्ये फेरफार, सगळेच. एवढे सर्वशक्तिमान साधन कथेला मारकच, म्हणून लेखकांनी त्याला मर्यादाही घातल्या. लाकडावर ते चालत नाही आणि 'डेडलॉक' (खास पक्के कुलूप) लावलेले दार उघडत नाही. यांपैकी लाकडाची मर्यादा जास्त गमतीची, कारण विश्वातली प्रगत यंत्रे वाकवणारे अवजार साध्या फळीपुढे हतबल ठरते.

या मर्यादेचा सर्वांत चतुर उपयोग 'द डे ऑफ द डॉक्टर' या ५० व्या वर्धापनदिनाच्या विशेष भागात (२०१३) झाला. टॉवर ऑफ लंडनच्या कोठडीत एकाच डॉक्टरची तीन रूपे अडकलेली असतात. दार लाकडी. त्याचा भुगा करण्याचे गणित सोडवायला शतके लागतील. पण तिघांच्या स्क्रूड्रायव्हरचे आवरण वेगळे असले तरी आतले सॉफ्टवेअर एकच. म्हणून सर्वांत तरुण रूपाने गणित सुरू करायचे, म्हणजे चारशे वर्षांनंतरच्या रूपाकडे उत्तर तयार असणार. तसे ते असतेही. तेवढ्यात डॉक्टरची सोबतीण क्लारा दार ढकलून आत येते. ते कुलूपबंद नव्हतेच, कोणी पाहिले नव्हते.

प्रत्येक नवा डॉक्टर बहुधा स्क्रूड्रायव्हरचे आपले वेगळे रूप आणतो. मॅट स्मिथच्या स्क्रूड्रायव्हरचा दिवा निळ्याऐवजी हिरवा झाला, पीटर कपाल्डीने २०१५ मध्ये काही काळ सॉनिक गॉगल वापरला (चाहत्यांत यावर एकमत कधीच झाले नाही) आणि जोडी व्हिटेकरच्या डॉक्टरने २०१८ मध्ये शेफील्डच्या पोलादापासून स्वतःच तो घडवला. शत्रुपक्षातील मास्टरकडे २००७ मध्ये लेझर स्क्रूड्रायव्हर होता.

प्रत्यक्षात स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये एकवटलेल्या अल्ट्रासाउंड लहरींनी पाण्यातील रबरी चकती उचलून फिरवली. लहरी पिळासारख्या वळवल्या की त्या वस्तूला ढकलतात आणि फिरवतातही, हे त्यामागचे तत्त्व. या उपकरणालाही सॉनिक स्क्रूड्रायव्हर म्हटले गेले.