जबड्याचं दुखणं सुईपर्यंत कसं पोहोचलं?

जांभई देताना कानापुढे कट्‌कन आवाज, सकाळी उठल्यावर गाल आवळल्यासारखे, भाकरीचा तुकडा तोडतानाही कळ. असा नाशिककर आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, तिथून दातांच्या, आणि मग शेजारचं कुणीतरी म्हणतं, "अ‍ॅक्युपंक्चर करून बघा ना." म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धत. या वणवणीला जुना इतिहास आहे.

दुखणं आपल्याकडे नवं नाही. आयुर्वेदात 'हनुग्रह' वातव्याधींत मोडतो. तोंड उघडं राहून अडकणं आणि मिटलेलं राहून अडकणं, दोन्ही त्यात आलं. उपाय मुख्यतः तेल आणि शेक. आधुनिक वैद्यकात मात्र त्याला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९३४ मध्ये, जेम्स कॉस्टेन या अमेरिकी डॉक्टरमुळे. ते कान-नाक-घशाचेच. दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि कान दुखतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामागचं शरीररचनाशास्त्र टिकलं नाही, पण खापर दातांवर फुटलं ते फुटलंच. पुढे कित्येक वर्षं चांगले दात घासून 'चावा' जुळवण्याचे उद्योग चालले. घासलेला दात परत येत नाही, हे लक्षात घेता तो सगळा प्रकार मला भयंकर वाटतो.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लॅझ्लो श्वार्ट्‌झ यांनी बोट स्नायूंकडे वळवलं. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी साखळी मांडली: ताण, दात आवळणं, थकलेला स्नायू, वेदना. दुखणं स्नायूचं ठरलं आणि सुईला शिरायला जागा मिळाली.

सुई तोवर बराच प्रवास करून आली होती. 'अ‍ॅक्युपंक्चर' हा शब्द युरोपात रुजला तो डच वैद्य टेन ऱ्हायने यांच्या १६८३ च्या ग्रंथातून. खुद्द चीनच्या राजवैद्यकशाळेतून ही विद्या १८२२ मध्ये बादशहाने हद्दपार केली होती, हे तिचे भक्त सहसा सांगत नाहीत. भारतातला धागा आपल्या ओळखीचा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे बिजयकुमार बसूही. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू १९५० च्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात आणलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या पद्धतीसाठी वेगळा कायदा केला. केंद्राची मान्यता २०१९ ची.

जबड्यासाठी सुई कुठे टोचतात? दात घट्ट आवळा आणि जबड्याच्या कोनापाशी बोट ठेवा. जो उंचवटा हाताला लागतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. तिथला बिंदू 'जिआचे'. दुसरा गालाच्या हाडाखाली, कानापुढे. तिसरा हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये. गरोदरपणात तो टाळतात. सुई भरीव, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक.

स्वीडनमध्ये लिस्ट आणि हेल्किमो यांनी १९९२ मध्ये सुईची तुलना दातांवर घालायच्या स्प्लिंटशी, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्याशी, केली. दोन्हींनी आराम पडला आणि वर्षभराने दोन्हींत फारसं डावं-उजवं उरलं नाही. पण नंतरच्या काही चाचण्यांत सुई ठरलेल्या बिंदूवर टोचली काय नि जरा बाजूला टोचली काय, फरक दिसला नाही. २०२३ च्या 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या मार्गदर्शक सूचनांनी जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि मानसोपचाराला ठाम पसंती दिली, अ‍ॅक्युपंक्चरला सशर्त. मला हा निवाडा रास्त वाटतो.

आपल्या भागात एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं, तर गालांच्या आतलं अस्तर ताठर झालेलं असू शकतं. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. अशा वेळी सुईची अपॉइंटमेंट न घेता थेट दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवावं.