क्वांटिटेटिव्ह रीझनिंगची अट आणि पहिल्या वर्षी कोर्स निवडणं

अमेरिकेतल्या बहुतेक चार वर्षांच्या कॉलेजांत मेजर (मुख्य विषय) काहीही असो, डिग्री हातात पडायच्या आधी आकडे, डेटा किंवा काटेकोर तर्क वापरणारा निदान एक कोर्स पास व्हावाच लागतो, त्या अटीला क्वांटिटेटिव्ह रीझनिंग रिक्वायरमेंट म्हणतात, बोलताना नुसतं क्यूआर. इतिहास घेतलेल्यालाही ती चुकत नाही आणि नाटक घेतलेल्यालाही नाही. काही ठिकाणी गणित विभागाचाच कोर्स लागतो, काही ठिकाणी कॅटलॉगमध्ये ज्याच्यापुढे क्यूआर लिहिलंय असा कुठल्याही विभागाचा चालतो, मग तो सायकॉलॉजीचा स्टॅटिस्टिक्स असेल, जिऑलॉजीचा असेल किंवा फिलॉसॉफीतला सिम्बॉलिक लॉजिक.

अट नक्की कुठून आली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एक मत असं की हा जुन्या सक्तीच्या गणिताचाच उरलेला तुकडा. एकोणिसाव्या शतकात कॉलेजात सगळ्यांना गणित असायचंच, हार्वर्डने प्रवेशासाठी बीजगणित 1820 मध्ये आणि भूमिती 1844 मध्ये मागायला सुरुवात केली असं गणितशिक्षणाच्या इतिहासात सहसा दिलेलं असतं. पुढे चार्ल्स एलियट 1869 ते 1909 हार्वर्डचे अध्यक्ष होते, त्यांनी विषय निवडायची मोकळीक दिली आणि सक्ती हळूहळू सुटत गेली, मग त्यांच्यानंतर आलेल्या लोवेल यांनी प्रत्येक गटातून थोडं थोडं घ्या असा वाटपाचा नियम आणला. दुसरं मत ब्रिटनकडे बोट दाखवतं, तिथल्या 1959 च्या क्राउदर अहवालाने अक्षरओळखीच्या जोडीला आकड्यांची समज हवी असं मांडलं आणि 1982 च्या कॉकक्रॉफ्ट अहवालाने ते रोजच्या व्यवहारापर्यंत आणलं. तिसरं मत हार्वर्डच्याच कोअर करिक्युलमला (सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या कोर्सांच्या रचनेला) मान देतं, 1970 च्या दशकाच्या शेवटी तो मंजूर झाला आणि त्यात क्वांटिटेटिव्ह रीझनिंग ही वेगळी अट होती, सुरुवातीच्या काळात त्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची आणि डेटा वाचायची परीक्षा द्यावी लागायची.

तिसरं मत जास्त पटतं. कारण वाटपाच्या नियमात गणित बहुतेक वेळा सायन्सच्या गटात असायचं, बॉटनी घेतली की गट पूर्ण, आकड्यांशी गाठ न पडताही माणूस ग्रॅज्युएट व्हायचा. आकड्यांसाठी वेगळी, नाव घेऊन सांगितलेली अट हीच नवी गोष्ट होती, आणि त्यात सूत्रं येतात का यापेक्षा समोरचा डेटा वाचता येतो का हे बघितलं जात होतं. ब्रिटिश अहवालांचा विचारावर परिणाम नक्की झाला असणार, पण ते मुख्यतः शाळेबद्दल होते.

पुढचा प्रसार बराचसा 1980 आणि 1990 च्या दशकातला. फ्लोरिडात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गॉर्डन रूल आला, सिनेटर जॅक गॉर्डन यांच्या नावाचा, त्यात ठरावीक गणित सी ग्रेडने पास होणं सक्तीचं झालं. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या एका उपसमितीने 1990 च्या दशकाच्या मध्याला सगळ्याच पदवीधरांना काय यायला हवं यावर अहवाल दिला, आणि 2001 च्या सुमारास गणितज्ञ लिन आर्थर स्टीन यांनी हा लोकशाहीचा प्रश्न आहे असं ठामपणे मांडलं. वेल्स्ली कॉलेजात आल्या आल्या मुलींची चाचणी घ्यायची आणि जी अडखळते तिला आधी पायाभूत कोर्स द्यायचा अशी पद्धत बसली. येलमध्ये एक नाही, दोन क्यूआर कोर्स लागतात. मिशिगन विद्यापीठाच्या एलएसए (साहित्य, विज्ञान आणि कला) कॉलेजात पूर्ण वजनाचा एक कोर्स किंवा अर्ध्या वजनाचे दोन अशी सोय आहे. हार्वर्डने 2019 पासून अटीच्या नावातच डेटा हा शब्द घातला.

आता निवडीचं. साधारणपणे समोर पाच-सहा दारं असतात: कॉलेज अल्जेब्रा, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस वन, इंट्रो स्टॅटिस्टिक्स, लिबरल आर्ट्सवाल्यांसाठीचं गणित, आणि आता इंट्रो कॉम्प्युटर सायन्स किंवा डेटा सायन्स, बर्कलीचा डेटा एट 2015 पासूनचा, प्रोग्रॅमिंग अजिबात न आलेल्यांसाठीच बनवलेला. यात कॉलेज अल्जेब्रा सगळ्यात जास्त गैरसमजाने घेतला जातो, नाव ओळखीचं म्हणून मुलं घेतात, पण तो मुळात कॅल्क्युलसकडे जाणारा रस्ता आहे, पुढे कॅल्क्युलस घ्यायचाच नसेल तर त्यातलं बरंचसं परीक्षेपुरतंच राहतं.

दोन वर्गांतला फरक एका उदाहरणात दिसतो. अल्जेब्राच्या वर्गात वर्गसमीकरणाचे अवयव पाडतात. चांगल्या क्यूआर कोर्सात असं विचारतात: 1000 लोकांत 10 जणांना एक आजार आहे, टेस्ट त्या 10 पैकी 9 जणांना बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी 9 टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्याला खरंच आजार असायची शक्यता किती? पहिल्यांदा बहुतेक जण 90 टक्के म्हणतात. मांडून बघितलं की निरोगी 990 पैकी साधारण 89 जण चुकून पॉझिटिव्ह, त्यात खरे 9, म्हणजे एकूण 98 मध्ये 9, जेमतेम 9 टक्के. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं यात काहीच नाही, तरी हा हिशोब न येणाऱ्याला डॉक्टरसमोर बसल्यावर नीट निर्णय घेता येत नाही, म्हणूनच ही अट सगळ्यांना आहे आणि ती टाळायची गोष्ट समजू नये.

पण सोपा कोर्स बघून अट उरकण्यात खरा धोका आहे. इकॉनॉमिक्स, बऱ्याच ठिकाणी बिझनेस, इंजिनिअरिंग आणि बहुतेक सायन्सच्या मेजरना कॅल्क्युलस लागतोच, आणि लिबरल आर्ट्सचं गणित (मतदानाच्या पद्धती, कर्जाचे हप्ते, ग्राफ थिअरी वगैरे) त्या साखळीत कुठेच बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षी मेजर बदलला की पहिल्यापासून सुरू करायची वेळ येते आणि एक सेमिस्टर हातचं जातं. म्हणून मेजर ठरला असेल तर आधी त्या विभागाला काय लागतं ते बघायचं, ठरला नसेल आणि कॅल्क्युलसकडे ओढा नसेल तर स्टॅटिस्टिक्स हा सर्वात सुरक्षित पर्याय, सोशल सायन्सपासून बायोलॉजीपर्यंत तो कामाला येतो. एपी (शाळेतच देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा) कॅल्क्युलस किंवा एपी स्टॅटिस्टिक्समध्ये 5 पैकी 4-5 स्कोअर असेल तर काही कॉलेजं क्रेडिट देतात आणि काही क्रेडिट देऊनही अट सुटली असं धरत नाहीत, हे अ‍ॅडव्हायझरला विचारूनच घ्यावं. शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ढकलणं सगळ्यात वाईट, नापास झालं तर डिग्रीच अडकते.

महाराष्ट्र बोर्डातून गणित घेऊन बारावी सायन्स करून गेलेल्यांनी डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन आधीच केलेलं असतं, त्यामुळे कॅल्क्युलस वनचा बराच भाग त्यांना उजळणीसारखा वाटतो. तरी डेटाचे प्रश्न त्यांनाही नवे पडतात, कारण आपल्याकडे सूत्रात आकडे घालायचा सराव भरपूर होतो आणि हे आकडे आले कुठून, नमुना कसा निवडला, हे विचारायचा कमी.

या अटीमुळे कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) फार मुलं रेमेडियल, म्हणजे शाळेच्या पातळीच्या, डिग्रीत न धरल्या जाणाऱ्या गणितातच अडकून पडायची. त्यावर कार्नेगी फाउंडेशनने 2011 च्या सुमारास स्टॅटवे आणि क्वांटवे सुरू केले, अल्जेब्राच्या लांब साखळीऐवजी स्टॅटिस्टिक्स किंवा व्यवहारातल्या आकड्यांतून थेट कॉलेजच्या क्रेडिटपर्यंत. कॅलिफोर्नियात 2017 मध्ये कम्युनिटी कॉलेजांनी मुलांना शक्यतो रेमेडियलमध्ये न घालता थेट क्रेडिटच्या वर्गात बसवावं असा कायदा झाला आणि त्याच वर्षी कॅल स्टेटने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने) कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी आपली गणिताची प्लेसमेंट परीक्षा बंद करायचं ठरवलं. तयारी नसलेली मुलं थेट वरच्या वर्गात जातात ही टीका अजून चालू आहे.

भारतात अशी सर्वांना लागू अट नाही. अशोका विद्यापीठात फाउंडेशन कोर्सांत क्वांटिटेटिव्ह रीझनिंग अँड मॅथेमॅटिकल थिंकिंग आहे. यूजीसीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात मल्टिडिसिप्लिनरी कोर्सांसाठी 9 क्रेडिट ठेवलेत, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटर हा त्यातला एक गट आहे, मात्र बारावीला केलेलाच विषय त्यात पुन्हा घेता येत नाही.