येऊरच्या बिबट्यांना पाहुणा हवा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या, येऊरच्या फाटकाशी सकाळी बिबट्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "एकूण किती आहेत?" उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. तिथे कॅमेऱ्यांनी २०१५ मध्ये ३५ बिबटे टिपले, २०१८ मध्ये ४७. आकडा वाढला, याचा मलाही आनंद झाला. पण नुसती डोकी मोजून भागत नाही.

समजा, एका जंगलात ५० बिबटे आहेत, ४५ माद्या आणि ५ नर. जनुकांच्या हिशेबात हा कळप ५० चा नसतो, फक्त १८ चा असतो. कारण प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा त्या पाच बापांकडूनच येतो. दोन-तीन पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातलग होतात. प्रत्येक प्राण्यात काही बिघडलेली जनुकं असतात, पण जोडीतली दुसरी प्रत चांगली असली की बिघाड झाकला जातो. नात्यातल्या नात्यात जोड्या जुळल्या की तीच बिघडलेली प्रत आईकडूनही येते आणि बापाकडूनही. मग झाकायला काही उरत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमांचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांचं, हेच झालं. वीस-तीस उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात छिद्रं, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढे संख्या तिपटीच्या घरात गेली, व्यंगंही कमी झाली. केवळ आठ माद्या!

आपल्याकडे असा पाहुणा स्वतःच्या पायांनी आला होता. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा नर बिबट्या माळशेज घाटात सोडला गेला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. महामार्ग, कसाऱ्याजवळचे रूळ ओलांडत, खाडी पोहून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत तो इथल्या जंगलात पोचला. पिढीला एखादा असा नर येऊन इथल्या माद्यांशी जुळला, तरी वाण टिकायला मोठी मदत होते.

२०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवलं.

येऊर आणि उद्यानाचाच उत्तरेकडचा तुकडा असलेला नागला यांच्यामध्ये घोडबंदर रोड आहे, नागल्यापलीकडे खाडी, आणि मग तुंगारेश्वरचं अभयारण्य. इथला प्रत्येक रस्ता रुंद करण्याआधी त्याच्याखालून जनावरांना जायला वाट हवी, आणि ती नकाशावर पहिल्या दिवसापासून हवी.