तीन हद्दींच्या खुणेपर्यंत: निघण्यापूर्वी वाचा

तीन देशांच्या किंवा प्रांतांच्या हद्दी जिथं मिळतात, त्या खुणांपर्यंत आम्ही ग्राहकांना नेतो. नकाशावरच्या अशा टिंबावर बोट ठेवून ते विचारतात, "इथं पोहोचायला किती दिवस लागतील?" दिवस आम्ही सांगतोच, पण आधी आम्हाला दोन गोष्टी तपासाव्या लागतात. तिथं जमिनीवर खरोखर काही उभं आहे का, आणि तिथवर जाऊ देतात का?

अर्जेंटिना, ब्राझील आणि पराग्वे यांच्या हद्दी एकत्र येतात त्या इग्वासू आणि पराना नद्यांच्या संगमात, वाहत्या पाण्यात. तिन्ही देशांचे स्तंभ आपापल्या काठावर आहेत. म्हणजे 'त्या बिंदूवर उभं राहून फोटो' ही मागणी तिथं पुरी होत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हेयर जनरल्स कॉर्नरला उलटा प्रकार. तीन प्रांतांच्या रेषा नीट जुळल्याच नाहीत, त्यामुळे १२७ मीटर अंतरावर दोन कोपरे. दोन्ही बघायचे असतील तर तसं सांगा.

ऑस्ट्रेलियातल्याच पोपेल कॉर्नरची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल यांनी वाळवंटात तीन प्रांतांचा कोपरा मोजून खांब रोवला. नंतर कळलं की मोजणीची साखळी एक इंच लांब होती. साखळीमागे एक इंच, आणि शेकडो किलोमीटरची मोजणी! खांब सुमारे ३०० मीटर सरकवावा लागला.

आकडे पाठवताना

अक्षांश-रेखांश कुठून घेतले आणि कोणत्या पद्धतीने लिहिले, तेवढं जरूर कळवा. एकदा आमच्याच टेबलावर '६८ अंश ३० मिनिटे' हे '६८.३०' असं उतरवलं गेलं. खरा आकडा ६८.५. एवढ्याशा फरकाने खूण २२ किलोमीटर दक्षिणेला गेली. गाडी निघण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं. जुन्या कागदांवरच्या आकड्यांमागचा मोजणीचा आधारही, म्हणजे पृथ्वीचा आकार कसा धरून आकडे काढले ते, वेगळा असतो. ऑस्ट्रेलियाचे १९६६ च्या आधारावरचे आकडे तसेच जीपीएसमध्ये घातले, तर सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. मोकळ्या मैदानात तेवढं चालवून घेता येईल. गच्च झाडीत दुपार जाते.

शेवटचा टप्पा

बेत फसतो तो बहुधा इथंच. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांची खूण म्हणजे तळ्यात, काठापासून साधारण १० मीटरवर १९२६ मध्ये बांधलेला काँक्रीटचा पिवळा शंकू. लाकडी फळ्यांवरून त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. उन्हाळ्यात फिनलंडमधल्या किल्पिस्यार्वी गावाहून बोट मिळाली तर पायी फक्त ३ किलोमीटर. बोट नसेल तर ११ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्यामुळे तारीख ठरवताना विमानाच्या तिकिटाआधी आम्ही बोट बघतो.

परतीची वेळ निघतानाच ठरते. खूण समोर दिसत असली तरी वेळ झाली की मागे फिरायचं. यावर वाद घालणारे ग्राहक भेटतात. आम्ही ऐकत नाही.

परवाने

नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या फाल्सरबर्गला खांबाभोवती हव्या तेवढ्या फेऱ्या मारा, कोणी हटकणार नाही. फिनलंड, नॉर्वे आणि रशियाच्या मुओत्कावारा इथं मात्र खुणेच्या दगडांना प्रदक्षिणा म्हणजे रशियाची हद्द ओलांडणं, आणि तो गुन्हा आहे. फिनलंडच्या बाजूने सीमापट्ट्यात शिरायलाच परवाना लागतो. सर्व्हेयर जनरल्स कॉर्नरच्या वाटेवर आदिवासींच्या मालकीची जमीन आहे, तिथंही आधी परवानगी काढावी लागते.

आणखी एक विनंती. खुणेवर नाव कोरू नका, आठवण म्हणून टवका काढू नका, आणि ढासळलेले दगड 'नीट' रचूही नका. ती सरकारी मोजणीची खूण आहे.

चौकशी करताना एवढं कळवा: कोणती खूण, कोणता महिना, सलग किती तास चालता, आणि सोबत कोण आहे. गुडघ्याचं दुखणं असेल तर तेही, न लाजता.