'जर्जर' म्हणजे नेमकं किती?

पावसाळा तोंडावर आला की इंदुरात राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत 'जर्जर' हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतो. मोडकळीला आलेल्या जुन्या वाड्यांना नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, नोटिसा निघतात आणि ओट्याओट्यावर वाद पेटतो. एक म्हणतो, पाडा एकदाचं, उद्या कुणाच्या डोक्यावर पडलं तर? दुसरा म्हणतो, होळकरांच्या वेळचं बांधकाम आहे, वीट हलवू नका. लहानपणापासून मी हे दोन्ही आवाज ऐकत आले आहे. पण जर्जर म्हणजे नेमकं किती, हे कुणी मोजून सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि ते मोजता येतं.

आमच्या आजोळच्या वाड्याचंच बघा. तळमजल्याच्या भिंतीला ओल यायची म्हणून गवंड्याच्या सल्ल्यानं मामांनी कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे गेले आणि ओल सिमेंटच्या वर, छातीच्या उंचीला दिसू लागली. मामी रोज सकाळी केर काढायच्या तेव्हा भिंतीच्या कडेला विटेचा लाल चुरा सापडायचा, बोटांत धरला तर पिठासारखा. सगळे म्हणाले, वाडा म्हातारा झाला.

दोष म्हातारपणाचा नव्हता. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जातं. सिमेंटनं ही वाट बंद केली की पाणी सुटकेसाठी आणखी वर चढतं. त्याच्याबरोबर जमिनीतले क्षारही जातात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक छिद्रांमध्ये वाढतात आणि वीट आतून फोडतात. आपण याला लोणा लागणं म्हणतो. नंतर पाहणीला आलेल्या माणसाला दिसते ती भुसभुशीत भिंत. तिच्यावर चढवलेलं सिमेंट गुन्हेगार म्हणून कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

चुन्याचं रसायन मला फार सुंदर वाटतं. १०० किलो शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. पाणी घालून तो विरवतात, वाळूत घोटतात, भिंतीत भरतात. मग तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. जाड भिंतीत हे काम वर्षानुवर्षं चालतं. ते कुठवर पोचलं तेही पाहता येतं: चुन्याचा तुकडा ताजा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाकायचे. गुलाबी झाला तिथे चुना अजून पुरता मुरलेला नाही. रंग आला नाही तिथे त्याचा दगड झाला आहे. शिवाय केसाएवढी चीर पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात जाऊन बसतो आणि ती बुजवतो.

भिंतीतली मोठी भेग मात्र माणसाला घाबरवते, आणि घाबरावंच. पण माळव्यातल्या काळ्या मातीवर उभ्या घराला भेग दिसली म्हणजे ते कोसळणारच असं नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे काही भेगा वैशाखात उघडतात आणि भाद्रपदात मिटतात. त्या वर्षभर आत-बाहेर करतात, पण वाढत नाहीत. वाढणारी भेग वेगळी. दोन्हींतला फरक एका फेरीत, रस्त्यावरून वर बघून कळत नाही. त्यासाठी जुना उपाय आहे: भेगेच्या दोन्ही काठांवर काचेची पातळ पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची. काच तडकली की भिंत हलली. किती हलली ते समजायला मोजपट्टी लावून महिन्या-महिन्याला नोंद ठेवायची.

लाकडाचंही तसंच. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सागाला कुजवत नाही. तुळई कुजते ती बहुधा टोकाला, जिथे ती ओल्या भिंतीत शिरलेली असते. बारीक ड्रिल आत घालून लाकूड किती विरोध करतं ते मोजणारी यंत्रं आहेत. टोकच खराब निघालं तर तेवढंच कापून नवा तुकडा जोडता येतो. संपूर्ण तुळई फेकणं म्हणजे नुकसानच: एक घनमीटर कोरडा साग साधारण ६५० किलो भरतो आणि त्यातला जवळपास निम्मा कार्बन असतो, झाडानं हवेतून घेतलेला. वाडा पाडून बांधायच्या नव्या इमारतीला सिमेंट लागेल, ते १४५० अंशांना भाजावं लागेल. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत.

आगीबद्दल मात्र मी पाडा म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे. राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळला. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, त्यामुळे आगीला खाद्य वरच होतं. आज जुन्या वाड्यांमधली कापडाची गोदामं आणि लोंबणाऱ्या तारा बघून माझ्या पोटात गोळा येतो. तारा आधी बदला, बाकीचं नंतर.

सगळ्यात वाईट अवस्था रस्तारुंदीत अर्ध्यात कापलेल्या घरांची होते. आतल्या भिंती बऱ्याचदा मातीच्या सांध्यात रचलेल्या असतात, कारण त्यांनी पाऊस झेलावा अशी कल्पनाच नव्हती. पुढचा भाग गेला की तीच भिंत उघडी पडते आणि पहिल्या धुवांधार पावसात सांधे वाहून जायला लागतात. शिवाय तुळयांचा एका बाजूचा आधारही गेलेला असतो. आपणच घर जर्जर करतो आणि मग त्याला नोटीस देतो.

मामांनी शेवटी सिमेंट खरवडून काढलं आणि चुना लावला. केरातला लाल चुरा हळूहळू कमी झाला. जिन्याजवळच्या भेगेवर त्यांनी काच लावली, खाली पेन्सिलीनं तारीख लिहिली. तीन पावसाळे झाले, काच अखंड आहे. शेजारच्या वाड्यात लावलेली काच पहिल्याच श्रावणात दोन ठिकाणी तडकली आणि पुढल्या महिन्यात भेगेत बोट जाऊ लागलं. तिथले भाडेकरू टेकू लावून त्याच आठवड्यात बाहेर काढले. तो वाडा पाडावाच लागेल.