सॉलिसिटर न नेमता थेट बॅरिस्टर: इंग्लंड-वेल्समधल्या कौटुंबिक खटल्यासाठी काय करावं लागतं

इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोट, मुलांचा ताबा किंवा मालमत्तेची वाटणी यासाठी सॉलिसिटर (खटल्याची कागदोपत्री कामं सांभाळणारा वकील) मध्ये न घालता थेट बॅरिस्टरकडे (कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे) जाता येतं. या सोयीचं अधिकृत नाव पब्लिक ॲक्सेस. बोलताना सगळे डायरेक्ट ॲक्सेस म्हणतात. योजना २००४ पासून आहे, कौटुंबिक कामं त्यात २०१० मध्ये आली. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथे हे लागू नाही.

पैसे वाचतात, पण त्या बदल्यात सॉलिसिटरच्या ऑफिसातली सगळी कारकुनी तुमच्या अंगावर येते. बॅरिस्टर सल्ला देतो, अर्ज, निवेदन, पत्रं यांचे मसुदे करतो आणि कोर्टात तुमची बाजू मांडतो. अर्ज दाखल करणं, कोर्टाची फी भरणं, समोरच्याला कागद पोहोचवणं, तारखा सांभाळणं हे तुमचं काम. थोड्या बॅरिस्टरांकडे खटला चालवण्याची स्वतंत्र परवानगी असते, तेच ही कामं करू शकतात. बाकी सगळ्यांच्या बाबतीत कोर्टाच्या दप्तरी तुम्ही ‘लिटिगंट इन पर्सन’, म्हणजे स्वतःचा खटला स्वतः चालवणारा पक्षकार, असता आणि कोर्टाची पत्रं तुमच्याच पत्त्यावर येतात. समोरच्याला तुमचा पत्ता कळायला नको असेल, तर सी८ फॉर्म वेळेवर भरा. पत्ता एकदा अर्जावर गेला की मागे घेता येत नाही.

कोणाला चालतं, कोणाला नाही

उत्पन्नाची किंवा नागरिकत्वाची अट नाही. पण सॉलिसिटरमार्फत आलेलं काम बॅरिस्टरला सहसा नाकारता येत नाही, तसं बंधन डायरेक्ट ॲक्सेसमध्ये नसतं. प्रकरण तुम्हाला एकट्याने झेपणार नाही असं वाटलं, तर तो नकार देऊन सॉलिसिटरकडे पाठवतो, आणि तसं करणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

लीगल एड (सरकारी खर्चाने मिळणारी वकिली मदत) मिळण्याची शक्यता असेल तर आधी ती तपासा, कारण डायरेक्ट ॲक्सेसमध्ये लीगल एड चालत नाही. एप्रिल २०१३ पासून खाजगी कौटुंबिक वादात ती मुख्यतः घरगुती अत्याचाराचा पुरावा असेल तरच मिळते: डॉक्टरांचं पत्र, पोलिसांची नोंद, कोर्टाचा संरक्षण आदेश वगैरे. कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) मुलाला ताब्यात घेण्यासाठी दावा लावला असेल, तर आईवडिलांना उत्पन्न न पाहता लीगल एड मिळते. अशा दाव्यात स्वतःच्या खिशातून बॅरिस्टर नेमणं म्हणजे निव्वळ नुकसान.

पायऱ्या

बार कौन्सिल या बॅरिस्टरांच्या संघटनेच्या डायरेक्ट ॲक्सेस पोर्टलवर किंवा चेंबर्सच्या (बॅरिस्टरांच्या सामाईक ऑफिसच्या) वेबसाइटवर नावं मिळतात. पसंत पडलेलं प्रत्येक नाव बार स्टँडर्ड्स बोर्ड या बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या बॅरिस्टर रजिस्टरमध्ये तपासा. प्रॅक्टिसचा परवाना चालू आहे का, पब्लिक ॲक्सेसची मुभा आहे का, खटला चालवण्याची परवानगी आहे का आणि शिस्तभंगाची काही नोंद आहे का, हे तिथे दिसतं.

पहिला संपर्क सहसा बॅरिस्टरशी नसतो, त्याच्या क्लार्कशी असतो. फी, तारखा, उपलब्धता सगळं क्लार्कच ठरवतो. पहिल्या ईमेलमध्ये दोन्ही पक्षांची पूर्ण नावं, कोर्ट, केस नंबर, पुढची तारीख आणि नेमकं काय हवं ते लिहा. नावं आधी लागतात, कारण समोरच्या पक्षाने त्याच बॅरिस्टरचा सल्ला घेतला असेल तर तो तुमचं काम घेऊ शकत नाही. लग्नाचा सगळा इतिहास इथे नको. एक पान पुरे.

मग फीचा आकडा येतो. एकदाचा सल्ला किंवा मसुदा यासाठी बहुधा ठरावीक रक्कम असते. सुनावणीसाठी ‘ब्रीफ फी’ असते, तिच्यात तयारी आणि पहिला दिवस धरलेला असतो. पुढच्या प्रत्येक दिवसाचे वेगळे. आकड्यात २० टक्के व्हॅट धरला आहे का, हे विचारून घ्या.

त्यानंतर क्लायंट केअर लेटर येतं. कोणतं काम, किती फी, कधी भरायची आणि तारीख रद्द झाली किंवा आदल्या दिवशी तडजोड झाली तर फी परत मिळते का, एवढं तरी नीट वाचूनच सही करा. ब्रीफ फी बऱ्याचदा परत मिळत नाही, आणि सगळ्यात जास्त वाद त्याच कलमावरून होतात. पत्रात लिहिलेल्या कामापुरतंच बॅरिस्टर बांधील असतो. सल्ल्यासाठी सही केली म्हणून तो सुनावणीला उभा राहील असं नाही, त्यासाठी नवं पत्र लागतं.

बॅरिस्टरला ग्राहकाचे पैसे स्वतःकडे ठेवता येत नाहीत. म्हणून कोर्टाची फी तुम्ही परस्पर भरायची (घटस्फोटाच्या अर्जाला एप्रिल २०२५ पासून ६१२ पौंड) आणि चेंबर्सची फी बहुतेक वेळा कामाच्या आधी. खाते क्रमांक ईमेलने आला असेल तर चेंबर्सला फोन करून ताडून घ्या. खोट्या ईमेलने पैसे वळवण्याचे प्रकार वकिलांच्या ग्राहकांबाबत सर्रास होतात.

कागदपत्रं

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स आणि पत्त्यासाठी अलीकडचं कौन्सिल टॅक्सचं किंवा वीजबिल. खटल्याचे कागद म्हणजे मूळ अर्ज, त्याचं उत्तर, आजवरचे सगळे आदेश, पुढच्या तारखेची नोटीस, आणि मुलांचं प्रकरण असेल तर कॅफकॅसचं (मुलांच्या हिताबद्दल कोर्टाला सल्ला देणाऱ्या संस्थेचं) पत्र. तारखेच्या क्रमाने, एकाच पीडीएफमध्ये, पानांना आकडे घालून पाठवा. मोबाइलवर काढलेले चाळीस सुटे फोटो पाठवले तर ते लावण्याचा वेळही फीत धरला जातो.

मुलांबाबतचा सी१०० अर्ज किंवा पैशांच्या वाटणीचा फॉर्म ए भरण्याआधी एमआयएएम ही मध्यस्थाबरोबरची बैठक लागते. अत्याचार, तातडी अशी सूट बसत असेल तर ती फॉर्ममध्ये पुराव्यासह दाखवा. लग्नाचा दाखला निव्वळ मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. घरच्या घरी केलेलं चालत नाही.

खरी मेहनत फॉर्म ईला, म्हणजे पैशांच्या प्रकरणात दोघांनी भरायच्या आर्थिक माहितीच्या फॉर्मला, लागते. त्यात जगभरातली मालमत्ता दाखवायची असते आणि प्रत्येक खात्याचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट जोडायचं असतं. पुण्यातला फ्लॅट, गावच्या जमिनीतला सातबाऱ्यावरचा हिस्सा, पीपीएफ, एफडी, एलआयसी, डिमॅट, सगळं. दागिन्यांसारखी ५०० पौंडांहून महाग वस्तू वेगळी लिहावी लागते. पाटल्या आणि हार त्यात आलेच. ‘खातं वडिलांचं, माझं नुसतं नाव आहे’ असं असेल तर खातं गाळू नका. दाखवा आणि खुलासा लिहा. लपवलेलं उघड झालं तर झालेला आदेशसुद्धा पुन्हा उघडता येतो. शारलँड आणि गोहिल या खटल्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच ठरवलं.

फॉर्म ईची अदलाबदल पहिल्या तारखेच्या किमान ३५ दिवस आधी होते. समोरच्याच्या फॉर्मवरचे प्रश्न, मुद्द्यांचं टिपण आणि घटनाक्रम १४ दिवस आधी द्यायचे असतात. लोक बॅरिस्टर गाठतात तो सुनावणीच्या आठवड्यात, आणि तोवर प्रश्नांची मुदत उलटलेली असते. बजेट एकाच भेटीचं असेल तर ती या दोन मुदतींच्या मध्ये घ्या. सुनावणीच्या दिवशी कितीही चांगला बॅरिस्टर उभा केला, तरी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळत नाही.

अत्याचाराचा आरोप असलेल्या बऱ्याच खटल्यांत २०२१ च्या कायद्यानुसार पक्षकाराला समोरच्याची उलटतपासणी स्वतः घेता येत नाही. तिथे निदान त्या सुनावणीपुरता बॅरिस्टर घेणं शहाणपणाचं.

भारतात लग्न झालं असेल तर

एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात एकतर्फी घटस्फोटासाठी असं कारण नाही, आणि कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला परदेशी निकाल भारतात सहसा मान्य होत नाही, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव खटल्यात १९९१ मध्ये सांगितलं. समोरच्याची खरी संमती असेल तर चित्र बदलतं, म्हणून दोघांनी मिळून करायच्या संयुक्त अर्जाचा विचार आधीच करा. मात्र भारतीय कायद्याचा सल्ला इंग्लिश बॅरिस्टर देणार नाही. तो भारतातल्या वकिलाकडूनच घ्यावा लागेल.

तक्रार असेल तर

आधी चेंबर्सकडे लेखी. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे) जाता येतं: चेंबर्सचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत, आणि सर्वसाधारणपणे चूक घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून एका वर्षात. गैरवर्तनाची तक्रार बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे. दोन्हीकडे क्लायंट केअर लेटरची प्रत उपयोगी पडते.