जुन्या गाडीच्या व्यवहारातली फसवणूक : विक्रेता नेमका कोण? (पार्श्वभूमी)

मीटर मागे फिरवल्याची किंवा अपघात लपवल्याची तक्रार झाली की डीलरचा पहिला बचाव ठरलेला असतो : गाडी माझी नव्हतीच, मी फक्त व्यवहार जुळवून दिला. हा बचाव इतकी वर्षे का चालला, ते कागदपत्रांच्या पद्धतीत दडलेले आहे.

मूळ कायदे जुने. १८७२ च्या करार कायद्यानुसार फसवून मिळवलेल्या संमतीवरचा करार रद्द करता येतो. पण नुसते गप्प राहणे सहसा फसवणूक ठरत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात ‘बघून घ्या’ हे तत्त्व अपवादांसह आले. गाडी तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर उकरता येत नाही. म्हणून दारावरचा पोचा आणि रंगाखाली झाकलेली चॅसिसची वेल्डिंग यांत फरक पडतो. १९८६ च्या ग्राहक कायद्याने स्वस्त मंच दिला, आणि १९९३ च्या दुरुस्तीने अनुचित व्यापारी प्रथेची सविस्तर व्याख्या त्यातच आणली. मालाच्या दर्जाविषयी खोटे सांगणे त्यात बसते.

खरा गुंता मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चा. जुना मालक या फॉर्मवर सह्या करून गाडी डीलरकडे सोडतो, खरेदीदाराचे नाव कोरे. गिऱ्हाईक मिळाले की ते भरले जाते. आरटीओच्या नोंदीत गाडी एका मालकाकडून थेट दुसऱ्याकडे जाते, मधला डीलर कुठेच दिसत नाही. वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यातली विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. अपघात भरपाईच्या एका प्रकरणात २०१८ मध्ये निकाल लागला की नोंदीत ज्याचे नाव, जबाबदारी त्याची. पण तो निकाल अपघातग्रस्ताला भरपाई कोणाकडून मिळावी यापुरता आहे. ‘आरसीवर माझे नाव नाही, म्हणजे मी विक्रेता नाही’ हे त्यातून निघत नाही. माल विक्री कायद्यात मालकी उभय पक्षांच्या इराद्याने हस्तांतरित होते.

म्हणून पैशाचा माग महत्त्वाचा. पूर्ण रक्कम डीलरच्या खात्यात गेली, जाहिरात त्याची, किंमत त्याने ठरवली, वॉरंटीचा कागद त्याच्या शिक्क्याचा, तर निव्वळ एजंट असल्याचा दावा टिकवणे अवघड. आणि एजंटच मानले तरी खरेदीदाराकडून कमिशन घेतले असेल तर ती सेवा झाली. सेवेतल्या त्रुटीची तक्रार तरीही उरते. रोखीने आणि पावतीविना व्यवहार करणारे नेमके इथेच अडकतात.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र लागते. गाडी ताब्यात आल्याचे मालक फॉर्म २९ सी ने कळवतो आणि तेव्हापासून डीलर मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानलेला, ठरतो. प्रत्येक फेरीचे कारण, चालक, वेळ आणि अंतर इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत ठेवावे लागते. दिलासा मुख्यतः जुन्या मालकाला मिळाला, हे खरे. तरी २९ सी ची नोंद असेल तर ‘गाडी माझी नव्हतीच’ हे म्हणणे कोसळते, आणि ती नोंदवही ग्राहक आयोगापुढे मागवून घेण्याची विनंती करता येते.

सध्या तक्रार २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली होते. मुदत दोन वर्षे. मोजली जाते ती गाडीसाठी दिलेली किंमत : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार राहतो तिथेच दाखल करता येते. बहुतेक जण चूक करतात ती आधी दुरुस्ती करून घेण्याची. त्याने पुरावाच जातो. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढावा. शेवटच्या सर्व्हिसचे किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाले, तर मीटर फिरवल्याचा याहून सोपा पुरावा नाही. चॅट आणि जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे. मग डीलरला स्पीड पोस्टाने नोटीस.

पोलिसांत जायचे तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) लागते, त्याआधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचे ४२०. इथे फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून होता हे दाखवावे लागते. गाडी व्यापारी नसलेल्या खासगी मालकाकडून थेट घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंदच. उरतो तो तीन वर्षांच्या मुदतीतला दिवाणी दावा.